यंत्र आपलें केव्हां होतें?

गेल्या दिवाळीच्या सुट्टींत माझ्या हातून एक लहानसा अपराध घडला. अपराध लहान खरा. पण त्याचें प्रायश्चित्त घेतांना माझ्याच विषयांतील, म्हणजे इतिहासांतील, एक गोष्ट मला नव्यानें शिकावयास मिळाली. तीस वर्षें विद्यार्थ्यांना इतिहास शिकवूनहि ती माझ्या ध्यानांत आली नव्हती. म्हणून ती वाचकांपुढें मांडण्याचें धाडस करीत आहें.

आमच्या घरीं १९६८ सालची एक फियाट मोटार आहे. ‘डिलाइट’ हें तिचें नांव. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतों, सोलापुरांत डॉक्टरीचा व्यवसाय करीत असत. गाडीसाठीं नांव नोंदविल्यापासून ती दारांत येईपर्यंत त्यांना सहा वर्षें वाट पाहावी लागली. इतक्या तपश्चर्येनें मिळालेली वस्तु कोणी परक्याच्या हातीं सहसा देत नाहीं. आप्पांनींहि दिली नाहीं. तेल बदलणें, पॉइंट घासणें, प्लग साफ करणें हीं सारीं कामें ते स्वतः करीत, आणि गाडीला झालेला प्रत्येक उपचार एका वहींत तारीखवार टिपून ठेवीत. रोग्यांच्या कागदांइतकीच ही वहीहि व्यवस्थित आहे. किती मैल झाले, काय बदललें, किती रुपये पडले, सर्व कांहीं तींत सांपडतें. इतिहासाच्या अभ्यासकाला घरबसल्या याहून चांगलें दप्तर कोठें मिळावें? आतां दहाएक वर्षें ही सेवा माझ्याकडे आली आहे, आणि वहीहि माझ्याकडेच आहे.

नरकचतुर्दशीच्या सकाळीं मी प्लग साफ करावयास बसलों. प्लग परत बसवितांना प्रथम तो बोटांनीं फिरवीत आंत न्यावा आणि शेवटींच त्याला पाना लावावा, हा नियम आप्पांनीं मला लहानपणींच सांगितला होता. परंतु घरांतून फराळाची हांक आलेली होती. दुसऱ्या क्रमांकाच्या प्लगाच्या वेळीं मीं बोटांचें काम पान्यावर सोंपविलें. प्लग तिरका शिरला. पाना जड जाऊं लागला, तेव्हां तरी थांबावयाचें. पण जेथें शहाणपण वापरावयाचें तेथें मीं जोर वापरला. मग हाताला एकाएकीं हलकें लागलें. यंत्रावर काम करणाऱ्यांना ह्या हलकेपणाचा अर्थ ठाऊक असतो. प्लग काढून पाहतों तों त्याच्या आट्यांत चंदेरी धातूची एक बारीक कुरळी तार गुंतून बाहेर आलेली. इंजिनाच्या हेडाचे आटे गेले होते.

आप्पांचें वय आतां ९० वर्षांचें. दृष्टि मंदावली आहे, पण कान शाबूत आहेत. रविवारीं गाडी सुरू झाल्याचा आवाज ऐकल्यावांचून त्यांना चहा गोड लागत नाहीं. त्या रविवारीं मीं त्यांना सांगितलें, “बॅटरी उतरली आहे.” पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकानें वडिलांशीं असें खोटें बोलावें, ह्याची मला लाज वाटली, पण खरें सांगण्याची त्याहूनहि अधिक वाटत होती.

हेडाची ही नाजूक प्रकृति समजण्यासाठीं गाडीची थोडी कुळकथा सांगितली पाहिजे. फियाट कंपनीनें आपली ‘११००-१०३’ ही गाडी १९५३ सालच्या मार्च महिन्यांत जिनीव्हाच्या प्रदर्शनांत प्रथम मांडली. तिचें इंजिन १०८९ घन सेंटिमीटरांचें, चार सिलिंडरांचें. खालचा ठोकळा बिडाचा आणि वरचें हेड ॲल्युमिनियमचें. ॲल्युमिनियम वजनानें हलकें आणि उष्णता लवकर वाहून नेणारें, म्हणून त्याची योजना. पण गुणाबरोबर दोषहि येतोच. ही धातु मऊ; पोलादी प्लगाशीं तिचें भांडण झालें कीं ती हरते. आमची ‘डिलाइट’ म्हणजे ह्याच वंशांतील पुढची पिढी. मुंबईकरांनीं आधींच्या पिढीला ‘डुक्कर फियाट’ असें लाडकें नांव दिलें होतें, तें पुष्कळांना आठवत असेल. पुढें १९७०च्या दशकांत हीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली आणि नव्या शतकाच्या तोंडाशीं तिचें उत्पादन थांबलें.

नवें हेड मिळेल का, म्हणून मीं चौकशी केली. एका दुकानदारानें हंसून सांगितलें कीं, हेड विसरा आणि गाडी भंगारांत घाला. दुसऱ्यानें मुंबईच्या जुन्या बाजाराची वाट दाखविली. घरीं येऊन मीं बॉनेट उघडें ठेवून बराच वेळ बसलों. हें हेड ओतलें कोणीं, कोणत्या भरंवशावर, आणि आज तें बिघडल्यावर त्याचें उत्तर कोणापाशीं, असा विचार करतां करतां मी आमच्याच गांवच्या एका माणसापाशीं येऊन पोंचलों.

वालचंद हिराचंद ह्यांचा जन्म सोलापुरांत २३ नोव्हेंबर १८८२ रोजीं झाला. वडिलांचा पेढीचा आणि कापसाचा व्यापार होता. मुलाचें मन मात्र लोखंड, दगड आणि वाफ ह्यांकडे धांवत होतें. लक्ष्मणराव फाटक ह्यांच्या भागीदारींत रेल्वेचीं कंत्राटें घेऊन त्यांनीं आरंभ केला. १९१९ सालीं सिंदिया कंपनीचें ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून इंग्लंडकडे निघालें, त्या साहसांतहि ते अग्रभागीं होते. पुढें त्यांना मोटारीचा ध्यास लागला. हिंदुस्थानांत मोटारी बनाव्यात अशी योजना विश्वेश्वरय्यांनीं १९३०च्या दशकांत मांडली होती. ती प्रत्यक्षांत आणण्यासाठीं वालचंद १९३९ सालीं अमेरिकेस गेले. फोर्ड कंपनीशीं बोलणें फिसकटलें, क्रायस्लरशीं जमलें. पण महायुद्ध पेटलें होतें, आणि परक्या सरकारला हिंदी मोटारीच्या कारखान्याची निकड वाटत नव्हती. १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९४७च्या मार्चांत तिच्या मुंबईंतील कुर्ल्याच्या कारखान्यांतून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या.

ह्या गाड्या ‘बाहेर पडल्या’ असें मीं म्हटलें; ‘बनल्या’ असें म्हटलें नाहीं. डॉज, प्लिमथ, डि सोटो ह्या अमेरिकन गाड्यांचे सुटे भाग पेट्यांतून येत आणि येथें जोडले जात. मुंबईंत शिवडीला जनरल मोटर्सनें हेंच काम १९२८ पासून चालविलें होतें. जोडणीला मी कमी लेखीत नाहीं. पण पेटींत एखादा भाग कमी आला तर सारें काम अडून बसे, हें विसरतां येत नाहीं. १९५३ सालीं टेरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारनें ठरविलें कीं, ज्यांना येथें क्रमाक्रमानें भाग बनवावयाचे असतील त्यांनींच राहावें, नुसती जोडणी करणाऱ्यांनीं जावें. जनरल मोटर्स आणि फोर्ड ह्यांनीं आपला गाशा गुंडाळला. प्रीमियर राहिली, फियाटशीं तिचा करार झाला होता, आणि १९५४ पासून ‘११००’ कुर्ल्यास तयार होऊं लागली. वालचंदांना तो दिवस दिसला नाहीं. १९४९ सालीं त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता. जिनीव्हाच्या त्या प्रदर्शनानंतर थोड्याच दिवसांनीं, ८ एप्रिल १९५३ रोजीं, ते निवर्तले.

वर्गांत हा इतिहास मी दोन पायऱ्यांत सांगत आलों: पहिली पायरी जोडणीची, दुसरी निर्मितीची. दुसरी चढलों कीं यंत्र आपलें झालें, असा माझा आणि पाठ्यपुस्तकांचा समज. पण माझ्या अंगणांतली गाडी ह्याच देशांत बनलेली असून त्या दिवशीं मला ती अगदीं परकी वाटत होती. म्हणजे आणखी एक पायरी राहून गेली होती. ती दुरुस्तीची.

ह्या तिसऱ्या पायरीचें महत्त्व वालचंदांच्याच दुसऱ्या एका उद्योगानें दाखवून दिलें आहे. मोटारीच्या कामासाठीं अमेरिकेचा प्रवास चालू असतां त्यांची एका अमेरिकन विमान-व्यावसायिकाशीं गांठ पडली, आणि मोटारीच्या आधीं विमानाचाच कारखाना उभा राहिला. म्हैसूर संस्थानच्या साहाय्यानें बंगळूर येथें डिसेंबर १९४० मध्यें हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी निघाली. उद्देश विमानें बांधण्याचा. परंतु युद्ध दाराशीं येतांच १९४२ सालीं सरकारनें वालचंदांचा हिस्सा विकत घेतला, आणि १९४३ पासून तो कारखाना अमेरिकन विमानदलाच्या मोडक्या विमानांचें आणि इंजिनांचें मोठें दुरुस्तीगृह बनला. वरवर पाहतां ही अधोगति होय. पण आघाडीवरून येणारें प्रत्येक विमान उघडून, त्यांतलें काय कां मोडलें हें पाहून, तें पुन्हां उडण्याजोगें करून देतांना तेथील हातांना जें शिक्षण मिळालें, तें कोणत्याहि करारांत लिहून मिळालें नसतें. त्याच कारखान्यांत डॉ. विष्णू माधव घाटगे ह्यांच्या नेतृत्वाखालीं ‘एचटी-२’ ह्या शिकाऊ विमानाची रचना झाली, आणि १९५१ सालीं तें आकाशांत उडालें. दुरुस्ती आधीं, रचना मागाहून, असा हा क्रम आहे. किर्लोस्करांच्या कारखानदारीचा उगमहि बेळगावच्या एका सायकलींच्या दुकानांत आहे, हें ह्या ठिकाणीं आठवल्यावांचून राहत नाहीं.

असो. माझें हेड मात्र अजून तसेंच होतें. शेवटीं एका शेजाऱ्यानें मला शहराच्या पूर्व भागांतील एका लेथवाल्या मिस्त्रींकडे पाठविलें. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ; घरांत तेलुगु, धंद्यांत मराठी. उमेदवारी एका कापडगिरणीच्या वर्कशॉपांत झालेली. १८७७ सालीं सोलापुरांत ‘जुनी गिरणी’ सुरू झाली. तिच्या पाठोपाठ नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णु, जाम ह्या गिरण्या आल्या. गिरणीच्या भोंग्यावर सारें गांव उठे आणि निजे. ह्या गिरण्यांचीं यंत्रें विलायतेहून आलेलीं. एखादा दांता तुटला तर तो आगबोटीनें येईपर्यंत माग बंद ठेवणें परवडण्यासारखें नव्हतें. म्हणून प्रत्येक गिरणीला आपलें वर्कशॉप लागे, आणि त्यांत ओतारी, फिटर, टर्नर लागत. गिरण्या पुढें एकेक करून थंडावल्या. कापडाबरोबर हें वर्कशॉपांतलें शिक्षणहि संपलें असावें, अशी माझी समजूत होती. ती खोटी ठरली. तें शिक्षण गिरणीच्या फाटकांतून बाहेर पडून गल्लीबोळांतल्या लेथांवर येऊन बसलें होतें.

मिस्त्रींनीं भोकांत बोट घालून पाहिलें. मीं विचारलें, “हेड गेलं का, मिस्त्री?”

“हेड कशाला जातंय, सर? आटे गेलेत,” ते म्हणाले. “गेलेली गोष्ट तेवढीच मोजायची. सगळं गेलं म्हणून रडायचं नाही.”

ह्यावर उपाय दोन. एक, पोलादी तारेचें तयार वेटोळें भोकांत बसवून नवे आटे निर्माण करणें; महायुद्धांत विमानांच्या इंजिनांसाठीं ही युक्ति पुष्कळ वापरली गेली. दुसरा उपाय त्याहून जुना. भोक मोठें करून, त्यांत नवे आटे मारून, बाहेरून आणि आंतून आटे असलेला धातूचा बुश पक्का बसवावयाचा. मिस्त्रींनीं दुसरा पत्करला आणि बुशासाठीं गनमेटल निवडलें. पोलाद अधिक बळकट असतां गनमेटल कां, असें मीं विचारलें. ते म्हणाले, “पोलाद ह्याच्याबरोबर वाढत नाही. गनमेटल वाढतं.” घरीं येऊन मीं पुस्तकांत पाहिलें. एक मीटर लांबीची दांडी १०० अंशांनीं तापविली तर ॲल्युमिनियमची सुमारें २.३ मिलिमीटर वाढते, गनमेटलची सुमारें १.८, पोलादाची सुमारें १.२. इंजिन दररोज तापतें आणि निवतें. ज्याची वाढ शेजाऱ्याच्या वाढीशीं जुळत नाहीं तें हळूहळू सुटूं लागतें. मिस्त्रींना हे आंकडे ठाऊक नव्हते. मागाच्या गनमेटल बुशांनीं त्यांना हें ज्ञान आंकड्यांवांचून दिलें होतें.

हेड न उतरवतां काम होईल का, असें मीं विचारलें, तेव्हां त्यांनीं साफ नकार दिला. धातूचा एक कण जरी सिलिंडरांत पडला तरी तो आंतली भिंत ओरबाडील. म्हणून पाणी सोडलें, जोडण्या सोडविल्या आणि हेड उतरविलें. उलटें करून त्यावरची काजळी त्यांनीं पुसली, आणि एकदम थांबले. चौथ्या क्रमांकाच्या भोकाभोंवतीं एक पिंवळट कडें चमकत होतें. कडेची धातु हलक्या हातानें ठोकून बसविलेली. मिस्त्रींनीं चष्मा वर सारला.

“सर, ह्याला आधी कुणीतरी बुश घातलाय. हे गिरणीतलं काम आहे. अशी कड आता कुणी ठोकत नाही.”

मी चकित झालों. वरून पाहतां तें कडें प्लगाच्या वॉशराखालीं झांकलेलें असे. दहा वर्षांत तें मला कधीं दिसलें नव्हतें. घरीं येऊन मीं आप्पांची वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तपासली. टायरच्या पंक्चरीची नोंद होती, वायपरच्या रबराची होती. ह्या बुशाचा उल्लेख कोठेंहि नव्हता.

त्या संध्याकाळीं मीं आप्पांना सारें खरें सांगितलें; बॅटरीचें खोटेंहि सांगितलें. मग चौथ्या क्रमांकाविषयीं विचारलें. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग हंसूं आवरीत म्हणाले, “अरे, गाडी नवी होती. तुझा जन्म व्हायचा होता. मीं पाना लावला घाईनं. गिरणींतला एक टर्नर माझा पेशंट होता, त्यानं रात्रींतून करून दिलं. तुझ्या आईलासुद्धां सांगितलं नाहीं. वहींत काय लिहितोस!”

ह्या उत्तरानें माझ्यांतला मुलगा सुखावला आणि माझ्यांतला अध्यापक खजील झाला. ज्या वहीला मी आदर्श दप्तर समजत होतों, तिच्यांत सर्वांत मोठी घटनाच गाळलेली होती. कोणी खोटें लिहिलें नव्हतें; लाज वाटली म्हणून लिहिलें नव्हतें, इतकेंच. आपल्या यंत्रयुगाच्या इतिहासाचीहि हीच स्थिति नाहीं का? पायाभरणीचे समारंभ, करारांवरील सह्या, पहिल्या गाडीला घातलेला हार, ह्यांचीं छायाचित्रें आपल्यापाशीं आहेत. बिघाड मात्र कोणाला मिरवावासा वाटत नाहीं, आणि बिघाड लपविला कीं त्याबरोबर तो सुधारणाराहि लपतो. त्या टर्नराचें नांव आप्पांना आज आठवत नाहीं. त्यानें ठोकलेली कड मात्र अर्धशतकाहून अधिक काळ स्फोटांचे धक्के सोशीत जागच्या जागीं आहे.

येथें कोणी आक्षेप घेईल कीं, ही दुरुस्तीची स्तुति म्हणजे टंचाईचीच स्तुति आहे. आक्षेपांत तथ्य आहे. सहा वर्षें थांबून गाडी घेणाऱ्याला ती दुरुस्त केल्यावांचून गत्यंतर नव्हतें. परवान्यांच्या त्या राज्यांत स्पर्धा नसल्यामुळें मूळची १९५३ सालची रचना थोड्याफार फरकानें शतकाच्या अखेरीपर्यंत चालू राहिली, ही कांहीं अभिमानाची गोष्ट नव्हे. बंगळुरास दुरुस्तीनंतर रचना आली. मोटारींच्या बाबतींत पुष्कळ काळ ती आली नाहीं. दुरुस्ती ही शाळा आहे; जन्मभर शाळेंतच बसून राहणाऱ्याला विद्वान कोण म्हणेल? परंतु शाळाच मोडून टाकणाऱ्याची गत त्याहून बरी होईल, असेंहि मला वाटत नाहीं. आजच्या कित्येक यंत्रांचीं झांकणें अशीं बंद केलेलीं असतात कीं, मालकाला त्यांत चूक करण्याचीहि सोय राहिलेली नाहीं. जेथें चूक करतां येत नाहीं तेथें ती सुधारण्याची विद्याहि जन्मत नाहीं. मिस्त्रींचा मुलगा पुण्यास नोकरी करतो. लेथ शिकावयास त्यांच्याकडे आज कोणी नाहीं.

बुश बसला. आंतल्या बाजूनें मिस्त्रींनीं त्याची कड तशीच ठोकली. करतांना दोन वेळां चौथ्या भोकाकडे पाहून घेतलें. नवें गॅस्केट घालून हेड चढविलें. नट मधून बाहेर, थोडे थोडे करून तीन फेऱ्यांत आंवळले. आणि प्लग बसवावयाची वेळ आली तेव्हां पाना बाजूला ठेवून त्यांनीं प्लग माझ्या हातांत दिला.

“बोटानं,” ते म्हणाले.

मुंबईच्या रस्त्यावरील पद्मिनी टॅक्सींचा शेवट ऑक्टोबर २०२३ मध्यें झाला. तेव्हां वृत्तपत्रांतून पुष्कळांनीं हळहळ व्यक्त केली, आणि ती योग्यच होती. पण टॅक्सी गेल्याचें जितकें दुःख झालें, त्याच्या शतांशानें तरी त्यांना इतकीं वर्षें चालत्या ठेवणाऱ्या हातांची नोंद कोणीं घेतली आहे काय?

त्या रविवारीं गाडी सुरू झाली. आप्पांनीं कान देऊन ऐकलें आणि चहाचा पेला उचलला. मीं वही काढून तारीख घातली आणि लिहिलें: ‘दुसऱ्या प्लगाचे आटे माझ्या घाईमुळें गेले. गनमेटलचा बुश बसविला.’ त्याखालीं मिस्त्रींचें नांव लिहिलें. मग १९६९च्या पानावर परत जाऊन, आप्पांना विचारून, चौथ्या प्लगाची नोंदहि केली. टर्नराच्या नांवापुरती जागा तेथें कोरी सोडली आहे. आप्पा रोज आठवून पाहतात.